माणूस न दाखवता वाढवलेली पाखरं

फेझंटच्या पिल्लांना माणूस दिसू द्यायचा नाही, एवढा एक नियम मी आजवर पाळला. पिंजऱ्याला चारी बाजूंनी गोणपाट, दाणा नळीतून, आणि तोंडातून शब्द नाही. फेझंट म्हणजे रानकोंबड्याच्या जातीचा पक्षी; माणसाळला की संपला. तिसा नदीकाठच्या आमच्या शिवारात नऊ वर्षांत रानात जन्मलेलं एकही पिल्लू दिसलेलं नाही. शिकारीसाठी सोडलेले सगळे पक्षी माझ्या पिंजऱ्यातले. यंदा तरी सोडलेल्या माद्या हिवाळा काढतील आणि वसंतात रानात अंडी घालतील, एवढीच माझी आशा होती.

ऑगस्टमध्ये आमच्या शिकारी मंडळाच्या अध्यक्षांनी, रादिवोयनी, गोणपाट उतरवलं. परगावचे पाहुणे आले की ते त्यांना राकिया दारू पाजून थेट पिंजऱ्यात न्यायचे आणि हातात पावाचे तुकडे द्यायचे. फोटोसाठी!

"अध्यक्ष, अशानं ही रानात दोन दिवस टिकायची नाहीत," मी म्हटलं.

"विदाताई, पाखरं आहेत ती, तुझ्या सुना नाहीत. किती धाकात ठेवशील?"

पाहुणे खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सप्टेंबरात पक्षी सोडले. नोव्हेंबरात शिकार झाली. आमच्याकडे जमिनीवरच्या पक्ष्यावर बंदूक चालवत नाहीत, आणि मादीवर तर कधीच नाही. हाकाऱ्यांनी मका झोडपला, पण नर उडेचनात. चालत चालत बंदुकांच्या रांगेपाशी आले आणि पाहुण्यांच्या हातांकडे बघत उभे राहिले. रादिवोयनी एकाला बुटानं ढकललं. "उड की मेल्या!" तो कमरेइतका उडाला, तेवढ्यात बार झाला. मला मान वर करवेना.

"माद्या सगळ्या शाबूत आहेत, आता तरी हस," रादिवोय म्हणाले.

"कोल्ह्याला सांगितलात का तुमचा नियम?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन लव्हाळ्यात गेले. माद्या धावत आल्या. मी ओरडले, शिव्या घातल्या, ढेकळं मारली. जन्मात त्यांच्याशी बोलले नव्हते, आणि बोलले ते हे. एकीच्या पाठीत ढेकूळ बसलं. ती फडफडत चार हात लांब गेली. "जा गं बाई, जा!" मी रडकुंडीला आले होते.

ती वळली, परत आली आणि खायला काही आहे का म्हणून ते ढेकूळच चोचीनं फोडू लागली.