बाटलीचं बूड

"बाई, सतरा नंबरचा ट्रे. सही करा लवकर, नाहीतर मुकादम ओरडेल."

ट्रे ठेवणारा म्हातारा स्वतःच मुकादम होता, म्हणून खोलीतले सगळे हसले. नोंदी करणारी बाई तेवढी हसली नाही. "ठेवा तिथं," ती मान वर न करता म्हणाली. सहा वर्षांत कामावर तिने त्याच्याकडे सरळ कधी पाहिले नव्हते. तो तिचा बाप होता.

नियम त्याचाच. उत्खननाच्या कचेरीत तिला नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला होता, "तिथं तू बाई आणि मी मुकादम. बाबा काय ते घरात." तो सकाळी खाडीच्या वाटेने चालत निघे, ती अर्ध्या तासाने बसने. त्या खाडीच्या तोंडाशी कधीकाळी परदेशी व्यापाऱ्यांनी वखार बांधली होती. तिचेच पाये आता खणले जात होते. त्याआधी तिथे राहणारी माणसे उत्खनन चालवणाऱ्या साहेबांच्या अहवालात एका ओळीत आटोपली होती: 'मूळ रहिवासी काही वर्षांतच हा भाग सोडून निघून गेले.'

निघून कोणीच गेले नव्हते. आपण कोण हे ज्यांनी सांगितले त्यांच्या जमिनी गेल्या, पोरे गेली. ज्यांनी सांगितले नाही त्यांच्याकडे भीती उरली आणि ती आईकडून लेकीला दागिन्यासारखी मिळत गेली. कोणी विचारले तर 'आम्ही बाहेरगावचे' म्हणायचे, हे ती मुळाक्षरांच्या आधी शिकली होती. कामावर बापलेक म्हणून दिसायचे नाही हेही त्यासाठीच: एक ओळखला गेला तरी दुसरा सुटावा.

तिने ट्रेमधला काचेचा एक हिरवा तुकडा उचलला, उजेडाकडे तिरका केला आणि अंगठ्याचे नख त्याच्या कडेवरून फिरवले. समोर मुकादम दुसऱ्या तुकड्याला नेमके तेच करत होता.

"अहो, गंमत बघा!" साहेबांचा सहायक ओरडला. "ही दोघं तुकडा अगदी सारखाच धरतात. एका घरातली असावीत तशी!"

तिच्या हातातले पेन आकड्यावरच थांबले. शाई पसरली.

"मीच शिकवलंय बाईंना," मुकादम म्हणाला. "पगार त्यांना जास्त, अक्कल मला जास्त. सरकारचा हिशेब असाच असतो."

पुन्हा हशा झाला आणि वेळ निभावून गेली. तेवढ्यात साहेब दारातून सांगून गेले, "अक्षरं नसलेली काच उद्यापासून ठेवायची नाही. फडताळं भरलीत. सगळी भरावात टाका."

जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या नळाशी म्हातारा तिची वाट पाहत होता. खांबाला टेकून उभा होता. उन्हाने दमला असेल, असे तिला वाटले.

"टिटवे, हे बघ."

लहानपणी सावली हलली तरी किंचाळायची, म्हणून ती टिटवी. हे नाव कामावर त्याने कधी उच्चारले नव्हते.

"इथं नको. कोणी बघेल."

"बघू दे. नुसतं नख फिरव." त्याने तिच्या हातात बाटलीचे जाड बूड ठेवले. "एकाच बाजूनं बारीक दात पाडलेत ना? पडून फुटलेली काच अशी फुटत नाही. हे कोणीतरी बसून केलेलं काम आहे. माझी आजी करायची. खिडकी लावून घ्यायची, शिंगाचं टोक कडेला दाबायची आणि एकेक टवका उडवायची. मग त्यानं कातडं तासायची. वखारीत धुण्याभांड्याला राहिलेल्या आपल्या बायका त्यांच्याच बाटल्यांची हत्यारं करत होत्या. वखारवाल्यांची बाटली सापडली की फोटो आणि आमची सापडली की भरावात, होय?"

"मग सांगा ना त्यांना."

"मुकादमाचं कोण ऐकतंय? तू सांग. तुझं लिहून घेतील."

"आणि विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक, तर?"

शेडच्या दाराशी पावले वाजली तशी तिने काच त्याच्या हातात कोंबली आणि मोठ्याने म्हणाली, "मुकादम, ट्रे नीट धुऊन आणत जा."

"बरं बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला तो उंबऱ्यावर बसला आणि तिथेच कलंडला. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते.

तिने कचेरीत दोन फोन केले. पहिल्यांदा सांगितले, "मला ताप आलाय, चार दिवस येत नाही." तासाभराने आवाज बदलून सांगितले, "तुमचे मुकादम गेले. मी शेजारून बोलतेय." फोन ठेवल्यावर आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचीच भीती वाटली.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा साहेबांच्या टेबलावर मुकादमाचा पत्र्याचा डबा, थापी आणि गुडघ्यांखाली घ्यायची गादी होती.

"चांगला माणूस होता," साहेब म्हणाले. "त्यांच्या मागे कोणी आहे का हो? सामान कुणाला द्यायचं?"

सहायकाने डबा उघडला. आत सात हिरवी बुडे होती आणि प्रत्येकाभोवती ट्रेच्या नंबराची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. "घ्या! मुकादम कचरा साठवत होते!"

"टाकून द्या," साहेब म्हणाले.

सहायकाचा हात डब्यापर्यंत पोचायच्या आत तिने एक बूड उचलले, उजेडाकडे तिरके केले, नख फिरवले.

"हा कचरा नाही. टवके एकाच बाजूनं काढलेत. वखारीत कामाला राहिलेल्या बायकांनी कातडं तासायला केलेली हत्यारं आहेत ही. त्या कुठं निघून गेल्या नव्हत्या, साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला, काच हातात घेतली, बराच वेळ पाहिली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

ज्या प्रश्नाला ती जन्मभर भीत आली तो इतक्या साध्या आवाजात आला. भीती गेली नव्हती. टेबलाची कड धरून तिने गादी जवळ ओढली. गादीवर त्याच्या दोन गुडघ्यांचे खळगे अजून होते.

"बाबांनी दाखवलं," ती म्हणाली.

कोणाला काही कळले नाही. तिने गादी छातीशी धरली आणि पुन्हा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे म्हणाली,

"मुकादम माझे बाबा होते."