विलो खोऱ्यातला स्कॅनर

एक जुलैपासून लव्हॉनचा स्कॅनर, अग्निशमन दलाचं बिनतारी बोलणं घरात ऐकवणारी पेटी, मुका होणार होता. विलो खोऱ्याच्या अग्निशमन दलानं जुनी बिनतारी यंत्रणा मोडीत काढून नवी, डिजिटल घेतली होती. जूनभर दोन्ही सोबत चालणार, मग जुनी बंद.

लव्हॉनच्या फ्रीजवरची ती पेटी सव्वीस वर्षं बोलत आली होती. दलात पगारी माणूस एकही नाही. गहू पिकवणारे, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, शाळेची बस चालवणारे, हाक आली की हातातलं टाकून पळणारे. त्यांच्या मागे त्यांच्या बायका. एकीनं ऐकायचं आणि बाकीच्यांना फोन लावायचे: आग कुठल्या टेकाडावर, माणसं किती, पाणी आणि सँडविच कुठल्या रस्त्यानं न्यायची. ती एक म्हणजे लव्हॉन.

तिची सून मॅरेन ऐकायची ती मात्र हजेरीसाठी. आग चालू असेतो दर वीस मिनिटांनी प्रमुख एकेका गाडीला पुकारतो आणि गाडी उत्तर देते. मॅरेनचा नवरा क्लेटन चार नंबरच्या गाडीवर असायचा. हॅटी जन्मल्यापासूनच्या आठ महिन्यांत मॅरेन मुलीला मांडीवर घेऊन सासूच्या स्वयंपाकघरात नऊ आगींची हजेरी ऐकत बसली होती. ‘चार, दोघंही ठीक’ असं कानावर पडलं की मगच तिला पान्हा फुटायचा. असं ती सांगायची तेव्हा बायका हसत, पण खोटं कुणीच म्हणत नसे.

नवा स्कॅनर आणला सासऱ्यांनी. ऑरिन कुठलीही गोष्ट घेताना दुकानातली सर्वांत मोठी घेत. त्याला पडदा होता, चाळीसएक बटणं होती आणि हजारो चॅनल ऐकायची ताकद होती. मॅरेननं खोक्यावरचं वाचून एवढंच विचारलं, की नव्या यंत्रणेच्या दोन टॉवरांच्या मधल्या घरात हा कसा वागतो, ते दुकानदाराला विचारलंत का. हॅटीच्या आधी तीन वर्षं तिनं जिल्ह्याच्या आपत्कालीन कक्षात फोन घेतले होते. पोलिसांचं बोलणं आता सांकेतिक, बाहेरच्यांना कुलूपबंद होणार पण आगीचं उघडं राहणार, हेही घरात तिनंच आधी सांगितलं होतं.

“दोन टॉवर म्हणजे दुप्पट ऐकू येईल की,” ऑरिन म्हणाले. “यात विचारायचं काय?”

ऐकू आलं ते असं, की पंख्यासमोर तोंड धरून कुणीतरी बोलतंय. अक्षरं तुटत होती, मधेच पाण्यात बुडत होती. ऑरिननी खोऱ्यातला प्रत्येक पुरुष करतो तेच केलं. इथे टीव्ही नीट दिसेना की खांब उंच करायचा, रेडिओ खरखरला तरी खांब उंच करायचा. त्यांनी धान्याच्या कोठारावर तीस फुटांचा खांब उभारून त्यावर अँटेना चढवली. आवाज आणखी फाटला. मग चाळीस फूट. आता तर नुसता गुळण्यांचा आवाज.

“टेकड्या आडव्या येतात,” ऑरिन म्हणाले.

दुपारी हॅटी निजल्यावर मॅरेननं स्कॅनर खांबाच्या तारेपासून सोडवला, त्याची मूळची बोटाएवढी अँटेना लावली आणि तो छातीशी धरून घरभर हिंडली. ओट्यापाशी गुळण्या. ओसरीत गुळण्या. तळघराच्या चौथ्या पायरीवर, दगडी भिंतीला पाठ लावल्यावर, कक्षातल्या बाईचा आवाज स्वच्छ आला: बार्लो रस्त्यावर गाय मोकाट.

मॅरेन पायरीवर बसून एकटीच हसली. तिचा अंदाज खरा निघाला होता. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या कड्यावरचे टॉवर एकच शब्द एकाच वेळी बोलतात. घर जवळपास मधोमध, पण अगदी मधोमध नाही; म्हणून एकाचा शब्द केसभर उशिरा पोचतो आणि दोन्ही एकमेकांवर आपटतात. खांब जितका उंच, तितके दोघंही जोरात. भिंतीनं एकाचं तोंड दाबलं, तेव्हा कुठे दुसऱ्याचं कळलं.

तिनं हे सांगितल्यावर लव्हॉननं विचारलं, “म्हणजे मी आता तळघरात चूल मांडू?”

“नाही, मॉम. हे दोन आवाज वेगळे काढणारा स्कॅनर मिळतो. तो घ्यायचा.”

तिनं आपल्या जुन्या कक्षातल्या तंत्रज्ञाला फोन करून खात्री केली, क्लेटनच्या नावावर तसा एक वेगळा स्कॅनर मागवला आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो आला. पडदा नाही, बटणं दोन.

“साबणाची डबी मागवलीस होय, पोरी?” ऑरिन म्हणाले. त्यांनी आपला मोठा तसाच चालू ठेवला. लव्हॉननं कुणाचीच बाजू न घेता दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. नवऱ्याचं मन तिला मोडवेना, आणि सुनेवर पुरता भरवसाही बसेना.

नऊ जुलैला दुपारी मळणीयंत्राची ठिणगी वाळक्या धसकटांत पडली. वारा पश्चिमेचा होता. पाऊण तासात आगीनं दोन शेतं खाल्ली आणि धुरानं टेकाड गिळलं. स्वयंपाकघरात लव्हॉन एका हातात फोन घेऊन उभी. मॅरेनच्या मांडीवर हॅटी चमचा चावत होती.

हजेरी सुरू झाली. मोठ्या स्कॅनरमधून गुळण्या. डबीतून प्रमुखाचा आवाज, समोर बसल्यासारखा.

“एक.” “एक, तिघंही ठीक.”

“दोन.” “दोन, दोघंही ठीक.”

“तीन.” “तीन, तिघंही ठीक.”

“चार.”

उत्तर आलं नाही. मोठा स्कॅनर खळखळला आणि लव्हॉननं मान वळवली. “काय म्हणाला? बोलला का तो?”

“नाही बोलला. अजून नाही.”

“चार, उत्तर द्या,” प्रमुख म्हणाला.

लव्हॉननं हात लांब करून मोठ्या स्कॅनरचं बटण बंद केलं. ऑरिन दारात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली. खोलीत आता एकच आवाज यायला जागा होती. हॅटीनं चमचा खाली टाकला. कुणी उचलला नाही.

“चार,” क्लेटनचा आवाज आला, खोकत, धापा टाकत. “पाण्याची नळी गुंडाळत होतो. दोघंही ठीक. पूर्वेच्या बाजूला पिण्याचं पाणी संपलंय.”

“ऐकलं,” मॅरेन मोठ्यानं म्हणाली. “निघालंच पाणी.”

मग तिच्या लक्षात आलं, की ती एका अशा डबीशी बोलतेय जिला फक्त ऐकवता येतं. ती लाजून सासूकडे पाहायला लागली.

“मी सव्वीस वर्षं पेटीला उत्तरं देतेय,” लव्हॉन म्हणाली आणि फोन तिच्या हातात दिला. “पूर्वेकडे कुठल्या रस्त्यानं जायचं ते तूच सांग त्यांना. तुला नीट ऐकू आलंय.”

मॅरेननं पहिला नंबर फिरवला.