चार हजार काने

सर विद्वान आहेत हे सरांना लहानपणापासून ठाऊक होतं. बाकीच्यांना ते कळायला जरा वेळ लागत होता, आणि बायकोला तर बावीस वर्षं संसार करूनही त्याचा पत्ता लागला नव्हता.

बायकोही त्याच कॉलेजात शिकवायची. तिला सगळे बाई म्हणायचे, म्हणून आपणही बाईच म्हणू. सरांची नोकरी कायमची, बाईंची तासावर. म्हणजे सरांनी वर्गात डुलकी काढली तरी खुर्ची शाबूत, आणि बाईंनी जीव तोडून शिकवलं तरी दर वर्षी नवा अर्ज, नवी सही, नव्याने हात जोडणं. अकरा वर्षं बाई पहिल्या वर्षाच्या पोरांना एकच विषय शिकवत होत्या: ‘स्त्री, लिंगभाव आणि समाज : प्राथमिक ओळख’. स्टाफरूममध्ये त्याला ‘बायकांचा तास’ म्हणत. हे नाव सरांनीच ठेवलं होतं.

“त्यात शिकवायचं काय असतं?” सर चार लोकांत विचारायचे. “बायका असतात, समाज असतो. झालं!” आणि स्वतःच हसायचे, कारण दुसरं कोणी हसेल याची खात्री नसायची.

बाई मात्र वर्गात गेल्या की आधी फळ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?” पोरं खिदळायची. मग एकेक जण विचार करायला लागायचा आणि वर्ग गप्प व्हायचा. तिथून पुढे बाई शिकवायच्या. काय बोलायचं ते त्या आदल्या दिवशी वहीत लिहून काढत, अगदी बोलल्यासारखं: मी इथे थांबते, मी त्यांना विचारते, मी फळ्यावर दोन रकाने आखते. अशा अकरा वर्षांच्या अकरा वह्या झाल्या होत्या.

यंदा कॉलेजने या विषयाचं वेगळं केंद्र काढायचं ठरवलं. त्यासाठी एक कायमची जागा निघाली. अटी दोन: उमेदवाराची स्वतःची अभ्यासपुस्तिका तयार हवी, आणि निवड समितीपुढे वीस मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा. बाईंना वाटलं, ही जागा आपल्यासाठीच निघाली. आणि खरंच, दुसरं होतंच कोण? सगळी सुट्टी त्या घरच्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि अकरा वह्या टाईप करून त्यांनी एक पुस्तिका केली. मान आखडली, पण पुस्तिका झाली.

नेमकं त्याच वेळी सरांच्या विषयाचं दिवाळं वाजलं. आधी सात विद्यार्थी होते, मग तीन उरले, आणि त्यातला एक वर्ग चुकून येत होता. सर अतिरिक्त ठरणार, लांबच्या कुठल्याशा शाखेत जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. आणि काय आश्चर्य, सरांना एकाएकी स्त्रियांची दुःखं दिसायला लागली!

“अगं, तुझी ती फाईल मी माझ्या अर्जाला जोडतोय,” ते एका सकाळी म्हणाले. वर्तमानपत्रातून मान वर न काढता.

“माझी पुस्तिका? तुमच्या अर्जाला?”

“घरातलीच आहे ना? त्यात तुझं-माझं काय? माझी नोकरी जातेय इथे. तुला तुझे तास आहेतच की.”

“अहो, त्या जागेसाठी मी अर्ज केलाय.”

“कर की! अनुभव मिळेल.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कॉम्प्युटर उघडून पाहिलं तर पहिल्या पानावर सरांचं नाव आधीच चढलेलं होतं. खाली प्रस्तावना. ‘या दीर्घ चिंतनाच्या काळात वेळोवेळी चहा देऊन माझा उत्साह टिकवणाऱ्या माझ्या सौ.चे आभार.’ चिंतन! या माणसाने आयुष्यात एकच चिंतन केलं होतं, आणि ते दुपारच्या झोपेआधी.

बाई वह्यांची पिशवी घेऊन तडक प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी एक वही उघडली, मिटली आणि हात चोळले.

“बाई, सर परवाच भेटून गेले. ते म्हणाले, मी सांगायचो आणि ती उतरवून घ्यायची. अक्षर तुमचं आहे हे त्यांना मान्य आहे.”

“आणि तुम्हाला ते पटलं?”

“हे बघा, नवरा-बायकोतली गोष्ट ही. आम्ही मध्ये कसं पडणार? घरी बसून मिटवा ना दोघं.”

बाईंना हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाने हे केंद्र काढलं, त्याच्या तोंडचं हे वाक्य. म्हणजे आता एवढंच उरलं होतं की सरांनी त्यांची पुस्तिका मांडीवर घेऊन बसायचं, आणि बाईंनी रिकाम्या हातांनी समितीपुढे जायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

पण नागोबाला एक अडचण आली. पुस्तिकेत पानोपानी ‘मी विचारते’, ‘मी सांगते’, ‘मी थांबते’. मिशीवाला माणूस ‘मी थांबते’ म्हणणार कसा? सरांनी पहिली दोन पानं हाताने दुरुस्त केली आणि दमले. मग स्टाफरूममधल्या कोणीतरी त्यांना युक्ती सांगितली की कॉम्प्युटरला एकदा हुकूम सोडला की तो सगळीकडचं एकदम बदलतो. सरांनी हुकूम सोडला. जिथे जिथे ‘ते’, तिथे तिथे ‘तो’.

“चार हजार एकशे बारा!” स्वयंपाकघरात बाईंना सरांचा आनंदी आवाज ऐकू आला. “एका मिनिटात! याला म्हणतात डोकं.”

दोन दिवसांनी छापलेल्या, बांधलेल्या पाच प्रती घरी आल्या. पहिली प्रत उघडली ती त्यांच्या लेकीने. ती दोन ओळी वाचून थबकली, आणि धावतच बाईंकडे आली.

“आई, हे काय गं? ऐक हं. ‘आई घरात सर्वांत आधी उठतो आणि सर्वांत शेवटी जेवतो.’”

बाईंनी प्रत हातात घेतली. ‘मोठी बहीण धाकट्याला सांभाळतो. आजी केसांना तोल लावतो. कामावर जाणारी बाई दोन्हीकडे राबतो.’ ‘ते’ होतं तिथे ‘तो’ झालं होतं, पुसून काढल्यासारखं, सबंध पुस्तकभर. तेलाचं तोल झालं होतं, तेव्हाचं तोव्हा. चौथ्या प्रकरणाचं नाव होतं ‘समानतोसाठी लढा’. मायलेकी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बाईंचं हसू थांबलं. अकरा वर्षं त्या ज्या बायकांबद्दल बोलत आल्या होत्या, त्या सगळ्यांना या माणसाने एका काडीने पुरुष करून टाकलं होतं, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

“बाबांना सांगायचं का?” लेकीने विचारलं.

“सांगणार तर. मी कशाला पाप घेऊ?”

आणि बाईंनी सांगितलं. अगदी समोर उभं राहून. “अहो, समितीपुढे जायच्या आधी एकदा वाचून बघा ही.”

“मी काय वाचू? मला माहीत नाही का त्यात काय आहे?”

“नाही माहीत. वाचा. चुका आहेत.”

“तुला मेलं सदा काना-मात्रेत खोट दिसते!” सर खेकसले. “आशय बघ, आशय! म्हणूनच तू तासावर राहिलीस.”

“बरं,” बाई म्हणाल्या. गाढवापुढे किती गीता वाचायची, त्यालाही मर्यादा असते.

समितीच्या दिवशी सर आधी आत गेले. बाई बाहेर बाकावर, मांडीवर वह्यांची पिशवी. दाराच्या वरची काचेची झडप उघडी होती, त्यामुळे आतला शब्द न् शब्द बाहेर येत होता. आत तीन पुरुष आणि एक म्हाताऱ्या अध्यक्षबाई, बाहेरच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या. सरांनी घसा खाकरून ‘स्त्री ही समाजाचा कणा आहे’ असं सुरू केलं, तसं अध्यक्षबाईंनी त्यांना थांबवलं.

“कणा राहू द्या. तुमच्याच पुस्तिकेचं पान बावन्न वाचा, आणि त्यावर शिकवा.”

सर खुशीत वाचायला लागले. भाषण ठोकतानाचा तो खास आवाज काढून. “‘मुलगी वयात येतो. तिचे खेळणे बंद होतो. पुढे ती सासरी जातो, बाळंत होतो...’”

कोणाचं तरी पेन खाली पडलं.

“कोण बाळंत होतो?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“अं... ती.”

“ती बाळंत होतो?”

आता मात्र सरांनी पानाकडे नीट पाहिलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली. पण हा माणूस पडला तरी नाक वर. “टायपिंगची चूक, मॅडम. आमच्या मिसेसनी टाईप केलंय. मी सांगत होतो, ती उतरवून घेत होती. शुद्धलेखन तिचं पहिल्यापासून कच्चं.”

बाहेर बाईंनी पिशवीचे बंद घट्ट आवळले. पुस्तिका घेतली ती घेतली, आता वर ही घाणही आपल्याच पदरात! उठावं, दार ढकलावं आणि चारचौघांत याचे वाभाडे काढावेत असं त्यांना वाटलं. त्या उठल्यासुद्धा. तेवढ्यात अध्यक्षबाईंचा आवाज आला.

“म्हणजे तुम्ही ‘जाते’ म्हणालात आणि त्यांनी ‘जातो’ लिहिलं. सबंध पुस्तकभर.”

“हो ना. काय करणार!”

“मग पान साठ वाचा. तिसरी ओळ.”

सर वाचू लागले, पण आवाज आता तो राहिला नव्हता. “‘लग्न होऊन मी या घरात आले, तोव्हा माझी पुस्तके माळ्यावर गेली. मी गप्प बसले...’”

“थांबा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “‘ते’चं ‘तो’ झालं, पण ‘आले’, ‘बसले’ तसंच राहिलं. सर, तुम्ही लग्न होऊन कुठल्या घरात आलात?”

सरांनी पुस्तिका मिटली. दार उघडलं आणि ते बाहेर आले. बाईंकडे न बघता, जणू बाकावर कोणी नव्हतंच, सरळ जिन्याकडे गेले.

बाई आत गेल्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, “या पुस्तिकेबद्दल काही सांगायचंय?”

“लिहिली मी,” बाई म्हणाल्या. “बाकी मी शिकवून दाखवते.”

त्यांनी वह्यांची पिशवी उघडलीच नाही. फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि समितीला विचारलं, “तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?” तिघे पुरुष टेबलाकडे बघत बसले. वीस मिनिटं केव्हा संपली कोणालाच कळलं नाही.

पंधरा दिवसांनी बाईंच्या नावाचं पत्र आलं, कायमच्या नेमणुकीचं. बाईंनी ते तीनदा वाचलं आणि त्या खुर्चीत बसून मनसोक्त रडल्या. त्याच टपालाने सरांचंही आलं. पुढच्या सत्रापासून लांबच्या शाखेत. पण सरांचा दिमाख बघावा! संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, “जागा घरातच आली हे महत्त्वाचं. आता माझ्यामुळे झालं म्हणून मी काही मिरवत नाही, पण मी ती पुस्तिका समितीपुढे नेली नसती तर?”

बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि सरांना त्याच्यापुढे बसवलं.

“सत्राला दोन आठवडे आहेत. पोरांच्या हातात शुद्ध प्रत पडली पाहिजे. मूळ फाईलवरच तुम्ही तो हुकूम सोडलात, तेव्हा हे तुम्हीच निस्तरा.”

“त्यात काय, परत उलटा हुकूम सोडतो...”

“सोडा. मग पुस्तकातले सगळे नवरे ‘ऑफिसातून येते’ होतील. एकेक वाक्य वाचायचं, त्यात बाई कोण आणि बाप्या कोण ते ठरवायचं, आणि जिथे बाई असेल तिथला काना काढायचा. चार हजार आहेत.”

सरांना शिकवायला वर्ग नव्हता, तोंड दाखवायला स्टाफरूम नव्हती. कुरकुरत का होईना, बसले. त्या पुस्तिकेवर नाव घातल्यापासून ते ती पहिल्यांदाच वाचत होते. बाई शेजारच्या टेबलावर पुढच्या तासाचं लिहीत होत्या. सकाळभर नुसता कळफलकाचा आवाज. बाई उठते, बाई भरते, बाई निजवते. चाळीस पानं झाली. मग सर अडले.

“अगं, हे बघ. ‘राबतो ती आणि मिरवतो तो.’ इथे आहे का काही चूक?”

“आहे. एक काना जास्त आहे.”

सरांनी चष्मा पुसला. वाक्य एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने. मान एकीकडे कलती केली, दुसरीकडे केली.

“मला तर सगळं बरोबरच वाटतंय,” ते म्हणाले.

“वाटणारच,” बाई म्हणाल्या. “पुन्हा वाचा.”