आडवं आलेलं कुत्रं

शेणवे गावाच्या अलीकडच्या उतारावर गाडी बंद करायची आणि न्यूट्रलमध्ये घरंगळत खाली जायचं, ही आमच्याकडची जुनी विद्या. पेट्रोल वाचतं. मी, कोंडू, तीस वर्षं तेच केलं. तिथं दोनदा पडलो, पण ते कुत्रं आडवं आलं म्हणून. घरी सगळ्यांना तसंच माहीत आहे.

माझ्या सुनेला, नम्रताला, किन्हवलीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि तिच्या वेळेला एसटी नव्हती. तिनं माझी मोटारसायकल मागितली. मी म्हणालो, "आधी शहापूरच्या गाडी शिकवायच्या शिबिरात पास हो, मग बघू." ती नापास होईल असंच मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

रविवारी तिला घेऊन मीही गेलो. मैदानावर तीन रांगा लागल्या: नवशिके, जेमतेम आणि सराईत. मी न विचारता सराईतांत उभा राहिलो. शिकवणाऱ्या रत्नप्रभा मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काका, कोपराला लागलंय का? हेल्मेट तिथं घातलंय म्हणून विचारलं." सगळे हसले. माझं डोकं तापलं, पण तसंच हेल्मेटात कोंबलं.

वेगात येऊन चुन्याच्या रेषेच्या आत थांबायचं होतं. मी मॅडमना सांगितलं, "पुढचा ब्रेक मी कधी दाबत नाय. माणूस तोंडावर आपटतो." आणि मागचा ब्रेक कचकन दाबला. चाक घसरलं, रेषा गेली आणि मी जुन्या टायरांच्या ढिगात शिरलो. हाडं शाबूत राहिली, अब्रूचं मात्र खोबरं झालं.

मग नवशिक्यांतून नम्रता आली. पहिल्या खेपेला तिची गाडी बंद पडली. दुसऱ्या खेपेला तिनं दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले आणि रेषेच्या वीतभर आधी थांबली. मी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी तिला जेमतेममध्ये चढवलं आणि मला तिच्या शेजारी उतरवलं. दुपारपर्यंत सून मला शिकवत होती, "बाबा, पुढचा पण दाबा. दोन बोटांनी, हळू." शेवटी मीही रेषेच्या आत थांबलो, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

तरी चावी द्यायला जीव होईना. "घरापर्यंत चालवून दाखव," म्हणालो आणि मागं बसलो.

उतार आला. सवयीनं माझा हात तिच्या बाजूनं चावीकडे गेला.

"बाबा, हात मागं घ्या. गाडी बंद केली तर आवरायची कशी?"

ती दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरली. खाली वळणावर शेळ्या रस्ता ओलांडत होत्या. ती आरामात थांबली. शेळ्या गेल्या तरी तिनं गाडी हलवली नाही.

"बाबा, ते कुत्रं इथंच आडवं आलेलं ना?"

"कुत्रं नव्हतं गो," मी म्हणालो. "दोनी टायमाला नव्हतं. चल आता. उद्यापासून चावी तुझ्याकडंच ठेव."