मनोरमाबाईंचं भाडं

सन दोन हजार चोवीसचा दसरा. मल्हारगंजात मनोरमाबाईंच्या घराला लागून थोडी मोकळी जागा होती. त्या दिवशी त्यांचा भाचा विक्रांत, भावाचा मुलगा, याने तिथे गाड्या चार्ज करायचं यंत्र बसवलं. भाडं देऊ लागला तर बाईंनी हात झटकला.

"माहेरच्या पोराकडून भाडं घेऊ? गल्लीतल्यांना रास्त दर लाव, झालं."

"आत्या, जागा फुकट म्हटल्यावर दर कमीच राहणार," तो पाया पडत म्हणाला.

सोनं वाटताना बाईंनी हे घरोघरी सांगितलं.

दिवाळी उलटली तशी गल्ली तुटक बोलू लागली. संध्याकाळी ओट्यावर टेकणाऱ्या बायका परभारे जाऊ लागल्या. शेवटी शेजारचा मनीष, इलेक्ट्रिक रिक्षावाला, म्हणाला, "काकू, भाडं थोडं कम करा ना. लालबागेपाशी चौदा रुपये युनिट, तुमच्याकडे बावीस. तिकडे जावं तर रांगेत धंदा बुडतो."

"कुठलं भाडं रे?"

"विक्रांत भियाच तर बोलले. दसऱ्याला फुकट म्हणाली, पण आता आत्या तगडं भाडं घेते, म्हणून इथे महाग."



रविवारी विक्रांत जेवायला आला. त्यांनी पान वाढलं आणि विचारलं.

"अगं, लालबागेपाशी तीन यंत्रं आहेत. एकाने दर वाढवला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे. या गल्लीत दुसरं आहे कोण? रेट तर लोकेशनवरच ठरतो."

"मग तसं सांगायचं. माझं नाव कशाला?"

"लोकांना काही तरी कारण लागतं, आत्या. तुला कोण काय म्हणणार? मोठी आहेस तू." त्याने पोळीचा तुकडा मोडला.

"जेवून घे," बाई म्हणाल्या. "आणि उद्या ते यंत्र काढ."

यंत्र गेलं. गल्ली काय समजायचं ते समजली: म्हातारीने भाडं आणखी वाढवलं, बिचाऱ्या पोराला परवडेना. बाईंनी दोन-तीन घरी खरं सांगून पाहिलं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विषय बदलला.

विक्रांत आता हातोदला मंडीपाशी यंत्र लावून बसलाय. बरं चाललंय म्हणतात. मल्हारगंजात तो फिरकत नाही. मनीष रोज लालबागेला रांग लावतो, आणि बाई समोर आल्या की रिक्षाचा आरसा पुसू लागतो. मनोरमाबाई त्याच घरात आहेत. मोकळ्या जागेत गाडी लावू का, असं कोणी विचारलं की लाव म्हणतात, आणि न विचारता पुढे सांगतात, पैसे लागत नाहीत.