रोजचाच शनिवार

गुंडू आचाऱ्यानं ओव्हरसियर यज्ञेश्वरपंतांच्या डोक्यावर पिठल्याचं पातेलं पालथं केलं. असं काही घडलंच नाही, असं दाजीपूरच्या कँपात सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा आपणही ते विसरून पुढं जाऊ.

रस्त्याच्या मोजणीसाठी रानात तंबू ठोकले ते एकावन्नच्या हिवाळ्यात. पहिल्याच शनिवारी पंतांनी तव्यावरची पहिली भाकरी, वर गुळाचा खडा ठेवून, झाडावरच्या एका वानराला दिली. मारुतीचा वार. दुसऱ्या दिवशी ते वानर भावकी घेऊन आलं.

गुंडू चुलीतलं कोलीत घेऊन धावला, तर पंत आडवे.

"शनिवारी हात उगारायचा नाही."

"आज आयतवार हाय की सायेब!"

पंतांनी तंबूतलं कॅलेंडर पाहिलं आणि नाइलाजानं बाजूला झाले. पुढच्याच आठवड्यात वानरांनी ते कॅलेंडर फाडून खाल्लं. पंतांनी हुकूम काढला : वाराची खात्री नाही, सबब रोज शनिवार धरावा.

"खालच्या गावात इचारून येतो की, वार कुठला त्यो!"

"अडाणी लोक ते. त्यांच्या भरवशावर पाप घेऊ?"

झालं. पहिली पंगत वानरांची, दुसरी पंतांची, तिसरी मोजणीवाल्यांची. गुंडूला तव्याला चिकटलेली करपलेली कड. स्वतः थापलेली भाकरी गरम असताना कशी लागते, हेच त्याला आठवेना.

म्हणून त्या दुपारी त्यानं एक भाकरी सदऱ्यात लपवली. चुलीमागं बसून, ठेचा लावून, पहिला घास मोडला. तोच वरून टोळीचा म्होरक्या हुप्प्या उतरला, गुंडूच्या कानफाडात मारली आणि भाकरी घेऊन फांदीवर जाऊन बसला.

पंतांनी हात जोडले. डोळे पाणावले. "गुंडू, भाग्यवान आहेस! देवानं तुझ्या हातचं घेतलं."

"थोबडून घेतलं की!"

"तोही प्रसादच."

निवलेल्या पिठल्याचं पातेलं शेजारीच होतं. "मग ह्योबी घ्या," गुंडू म्हणाला.

पंतांच्या मिशीवरून पिठलं ओघळत होतं. मोजणीवाले ताटांवरून उठले. शेवटी त्यांनी डोळे पुसले. "वानरानं सांडलं. पाहिलंत ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. पंतांनी फांदीकडं बघून नमस्कारही केला.

खरा भडका तेव्हा उडाला. "आरं, म्या वतलं! ह्या हातानं! भाकरी न्हेली ती न्हेली, माझा रागबी त्येंच्याच नावावर व्हय?"

"गप की मर्दा," कारकून कृष्णात पुटपुटला. "नोकरी वाचली न्हवं तुझी?"

"नोकरी काय कालवणाला लावून खाऊ? कागद घे. अर्ज लिव्ह."

"वार कुठला घालू?"

"घाल की शनिवार!"

कृष्णातनं गुंडूचं बोलणं सरकारी भाषेत उतरवलं :

'पिठले अर्जदाराने स्वतः व रागाने ओतले, याची नोंद व्हावी. तसे शक्य नसल्यास, अर्जदारास निदान एका शनिवारी वानर समजण्यात येऊन तव्यावरची पहिली भाकरी देण्यात यावी, ही विनंती.'