मर्त्य म्हणजे मेलेला नव्हे

दाराखालच्या फटीतून पाकीट आत सरकलं. खर्रर्र! एवढ्याशा आवाजानं दुपारची शांतता टरकन फाटली. तिनं आधी पोरीकडे पाहिलं. पोर कूस बदलून पुन्हा झोपली. हुश्श!

पाकिटात शब्दकोशाची मुद्रितं होती. पोर झाल्यावर तिनं कोशाची कचेरी सोडली आणि घरबसल्या मुद्रितं तपासायचं काम धरलं. पोर झोपेल तेवढाच वेळ आपला. आज 'म' आला होता, आणि 'म'मध्ये 'मर्त्य'.

मर्त्य तिचा होता. जुन्या पोथ्या, पत्रं, वर्तमानपत्रं चाळून पाच वर्षं तिनं त्याची कार्डं जमवली होती. आता नोंदीखाली आद्याक्षरं होती धाकटीची. कचेरीतली सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. 'र्त' आधी की 'र्थ', हे तिला हिनंच शिकवलेलं.

तेवढ्यात फोन थरथरला. धाकटीच.

"ताई, मिळालं? मर्त्य आधी बघा हं! सर म्हणाले, अख्ख्या खंडात अशी नोंद नाही."

"हो का गं? वा!"

'वा' दातांतूनच आला. फोन ठेवला आणि ती पेन्सिल परजून बसली. आता एक वेलांटी चुकलेली सापडली तरी पुरे.

सापडेना. मूळ धातू 'मृ', मरणे: बरोबर. त्याच्याच पोटचे मरण, मृत, मृत्यू. नकार लागून झालेले अमर, अमृत: बरोबर. मर्त्य म्हणजे माणूस, आणि माणसं राहतात तो मर्त्यलोक: तेही बरोबर. मेलीनं लिहिलंय मात्र झकास! मग नजर वर, पहिल्या अर्थावर गेली.

'मेलेला, प्राण गेलेला.'

अगं बाई! मर्त्य म्हणजे मेलेला? म्हणजे कचेरीतले झाडून सगळे, सरांसकट, मढी! ती उशीत तोंड खुपसून हसली. छापू दे. आद्याक्षरांसकट छापू दे. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

आणि हसू जिरलं. 'प्राण गेलेला'. हे शब्द ओळखीचे होते. स्वल्पविरामही ओळखीचा. 'मृत'च्या कार्डावर तिनंच लिहिले होते, आणि एकाच घरातले शब्द म्हणून कचेरी सोडताना ते कार्ड 'मर्त्य'च्या गठ्ठ्याला टाचलं होतं. सगळ्यांत वर. धाकटीनं ताईंचं अक्षर पाहिलं आणि डोळे मिटून उतरवून घेतलं.

एवढा विश्वास ठेवायला सांगितलं होतं कुणी? तिला आणखीच राग आला. कुणाचा, ते कळेना.

मागून पानं चुरगळल्याचा आवाज आला. पोर उठून थेट मुद्रितांवर येऊन बसली होती.

"अगं मेले, पानं!"

"मी मेले नाहीये," पोर डोळे चोळत म्हणाली. "मी उठलेय."

ती बघतच राहिली. झोपेनं तांबारलेला गाल, त्यावर उशीची घडी उमटलेली. तिनं पोरीला मांडीवर ओढलं, पेन्सिल उचलली, 'मेलेला' खोडला. समासात लिहिलं: 'मरणाच्या अधीन असलेला'. आद्याक्षरांवर पेन्सिल क्षणभर घुटमळली. तिथं स्वतःची दोन अक्षरं आणखी मावली असती. तिनं ती लिहिली नाहीत. पण बरं वाटलं, असंही नाही.

"काय लिहिलंस?"

"एका शब्दाचा अर्थ. कधीतरी मरणार, पण अजून मेला नाही, तो."

पोरीनं मांडीवरचे पाय हलवत विचार केला.

"म्हणजे जिवंत."

"हो गं."

"मग जिवंत असंच का नाही लिहिलंस?"